झेपेल तेवढेच कर्ज: वाशिमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बँक जबाबदारीने कर्ज देते का?

वाशिम जिल्ह्यात मे महिना उजाडला की शेतकऱ्याच्या दोन फेऱ्या सुरू होतात. एक कृषी सेवा केंद्राची आणि दुसरी बँकेची. सोयाबीनचे बियाणे, डीएपीची गोणी, तणनाशक यांचे भाव सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण आपले पीककर्ज किती मंजूर झाले, ते कोणत्या हिशेबाने झाले, कोणत्या तारखेपर्यंत फेडले तर व्याज लागत नाही, हे विचारले तर दहापैकी दोन-तीन जणांनाच सांगता येते. बाकीच्यांचे उत्तर एकच असते, "साहेबांनी जेवढे दिले तेवढे घेतले."

मार्च 2025 मध्ये वाशिमच्या बाजारपेठेत एक शेतकरी गळ्यात फलक अडकवून फिरला. स्वतःचे आणि कुटुंबाचे अवयव विकणे आहेत, असे त्यावर दरासह लिहिले होते. कर्जमाफीच्या आश्वासनावर थांबलो, आता बँक भरणा मागते आणि भरायला पैसे नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्याच महिन्याच्या अखेरीस तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी 31 मार्चपूर्वी पीककर्ज भरा, असे जाहीरपणे सांगितले होते. त्या घटनेवर राजकारण भरपूर झाले. आपल्या कामाचा प्रश्न वेगळा आहे: ज्याच्याकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे, एका पावसाच्या खंडाने ज्याचे वर्ष बुडते, अशा माणसाला कर्ज देताना बँकेने काय पाहायला हवे, आणि ती ते पाहते का?

या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि आपल्याकडे बहुधा एकच बोलली जाते. बँक कर्ज देत नाही, ही तक्रार खरी आहे. पण न झेपणारे कर्ज सहज देणे हाही तितकाच बेजबाबदारपणा आहे. वाशिममध्ये हे दोन्ही एकाच घरात घडते. घरातल्या पुरुषाला बँक पीककर्जासाठी चकरा मारायला लावते आणि त्याच घरातल्या बाईला गटाचे तिसरे कर्ज दारात येऊन देणारा माणूस भेटतो.

कर्ज कोण देते?

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण जिल्हा बँक वेगळी झाली नाही. आजही अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक दोन्ही जिल्ह्यांत गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्यांमार्फत पीककर्ज देते. तिच्या जोडीला राष्ट्रीयीकृत बँका आहेत, काही खासगी बँका आहेत आणि ग्रामीण बँक आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, त्यामुळे जुन्या पासबुकावरचे नाव बदललेले दिसले तर घाबरू नये.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यापारी बँकांनी एकूण कर्जाच्या ठरावीक हिशेबात 18 टक्के शेतीला द्यायचे असते, त्यातले 10 टक्के अल्प व अत्यल्प भूधारकांना. दुर्बल घटकांसाठी 12 टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. म्हणजे लहान शेतकऱ्याला कर्ज देणे हा बँकेचा उपकार नाही, तिला ते उद्दिष्ट पूर्ण करावेच लागते. मात्र हे उद्दिष्ट संपूर्ण बँकेचे असते. रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या शाखेत किती लहान शेतकरी उंबरठ्यावरून परत गेले, ते त्या आकड्यात दिसत नाही.

मर्यादा कशी ठरते, तो हिशेब

किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा व्यवस्थापकाच्या मर्जीवर नसते. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी प्रत्येक पिकाचा हेक्टरी कर्जदर ठरवते. त्याला क्षेत्राने गुणायचे. आलेल्या रकमेवर काढणीनंतरचा व घरखर्च म्हणून 10 टक्के, शेतीसाधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी 20 टक्के आणि विम्याचा हप्ता असे मिळवायचे. पुढची चार वर्षे मर्यादा दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढवायची, कारण शेतीचा खर्च वाढतो.

हिशेबासाठी एक कुटुंब धरू. चार एकर, म्हणजे 1.6 हेक्टर, सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक. सोयाबीनचा दर हेक्टरी 50,000 रुपये धरला (हा आकडा समजण्यासाठी आहे, चालू हंगामाचा दर शाखेत किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावा) तर पहिली रक्कम 80,000 होते. त्यावर 8,000 आणि 16,000 मिळवले की 1,04,000, शिवाय विमा. अनेक शाखांत फक्त पहिला आकडा दिला जातो आणि वरचे 30 टक्के कोणी मागत नाही म्हणून राहून जातात. मुलाची फी, आजारपण, पंपाची दुरुस्ती हे खर्च थांबत नाहीत. मग त्यासाठी बाहेरून घ्यावे लागते, चढ्या दराने.

आता दुसरी बाजू. याच कुटुंबाला एकरी सात क्विंटल सोयाबीन झाले तर 28 क्विंटल होते. बाजारात 4,000 रुपये भाव मिळाला तर 1,12,000 रुपये. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये होता, त्या भावाने हेच सोयाबीन 1,49,184 रुपयांचे होते. फरक 37,184 रुपयांचा. गेल्या दोन हंगामांत बाजार हमीभावाच्या बराच खाली राहिला, आणि खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबण्याची ताकद कर्जदाराला नसते. पाऊस चुकला आणि उतारा एकरी चार क्विंटलवर आला तर हाती 64,000 रुपये येतात. कर्ज 80,000 चे आहे.

म्हणजे मर्यादा ठरवण्याच्या सूत्रात पिकाचा खर्च आहे, पण पीक विकून काय येईल याचा विचार नाही. खर्चाएवढे कर्ज दिले की झाले, असे ते सूत्र मानते. चांगल्या वर्षी हे चालते. वाशिमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात, जिथे खरिपातल्या एकाच पिकावर बहुतेकांचे वर्ष उभे असते, तिथे तीन-चार वर्षांतून एकदा ते मोडणारच. सूत्र मोडल्यावर बँक काय करते, यावरच तिची जबाबदारी ठरते.

जुने-नवे

फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात ऐकू येणारा शब्द म्हणजे जुने-नवे. जुने कर्ज व्याजासह भरायचे आणि त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत नवे उचलायचे. भरायला पैसे नसतील तर व्यापाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून चार दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, त्याला शेकड्यावर काही रुपये द्यायचे. नवे कर्ज खात्यात आले की त्याचे त्याला परत.

यात शेतकऱ्याचा फायदा आहे, हे आधी सांगायला हवे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज 7 टक्के दराने असते. मुदतीत फेडले तर केंद्राकडून 3 टक्के सवलत मिळते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून आणखी 3 टक्के मिळतात. त्यामुळे व्याज शून्यावर किंवा शून्याच्या जवळ येते. एवढे स्वस्त भांडवल दुसरीकडे कुठेच मिळत नाही. मुदत टळली की दोन्ही सवलती जातात, बँकेचा नेहमीचा दर लागतो आणि थकबाकीवर व्याजावर व्याज सुरू होते.

पण वरच्याच कुटुंबाचे 80,000 रुपये घ्या. वर्षाने भरायचे 85,600. नवी मर्यादा 10 टक्के वाढून 88,000. हाती आले 2,400 रुपये. दुसऱ्या वर्षी भरायचे 94,160, नवी मर्यादा 96,800, हाती 2,640. दोन वर्षांत कर्ज 16,800 रुपयांनी वाढले आणि त्यातले शेतात लावायला मिळाले 5,040. उरलेले 11,760 व्याजात गेले. सवलतीचे व्याज नंतर खात्यात जमा होते हे खरे, पण ते पेरणीच्या दिवशी हातात नसते. महागाईसाठी ठेवलेली 10 टक्क्यांची वाढ इथे व्याज भरण्यासाठी वापरली जाते. कागदावर शेतकरी नियमित आहे, बँकेचे खाते निरोगी आहे, जिल्ह्याच्या पीककर्ज वाटपाच्या आकड्यातही ही रक्कम वाटप म्हणून धरली गेली. प्रत्यक्षात बियाण्याला पैसा आला नाही. तो कृषी केंद्राच्या उधारीतून आला आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढाच असतो.

माझ्या मते जिल्ह्यातल्या पीककर्जाची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, आणि ती कोणाच्याच आढाव्यात येत नाही. कारण जुने-नवे सगळ्यांनाच सोयीचे आहे. शाखेला 31 मार्च निभावायचा असतो, सोसायटीच्या सचिवाला वसुली दाखवायची असते, शेतकऱ्याला थकबाकीदार व्हायचे नसते.

यावर साधा उपाय आहे, सगळ्यांना जमेल असा नाही. किसान क्रेडिट कार्ड हे मुळात फिरते खाते आहे. सोयाबीन विकल्याबरोबर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच, जमेल तेवढी रक्कम खात्यात भरावी. 20,000 भरले तरी त्या दिवसापासून तेवढ्यावरचे व्याज थांबते, आणि हरभऱ्याच्या वेळी मर्यादेत ते परत उचलता येते. मार्चपर्यंत ते घरात ठेवले तर लग्नकार्यात जातात. आपल्या शाखेत मध्येच भरलेली रक्कम पुन्हा उचलू देतात का, हे आधी विचारून घ्यावे. काही ठिकाणी सोसायटीच्या कर्जात ही सोय प्रत्यक्षात मिळत नाही.

सिबिलचा अडसर

पीककर्ज नाकारताना सर्रास दिले जाणारे कारण म्हणजे सिबिल. 300 ते 900 मधला हा आकडा आपल्या जुन्या कर्जफेडीवरून निघतो. मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, केल्यास गुन्हे दाखल होतील, असे बँकांना बजावले. शाखेतले उत्तर तरीही बऱ्याचदा तेच असते, कारण व्यवस्थापकाच्या संगणकात तो आकडा दिसतो आणि थकलेल्या कर्जाचा जाब उद्या त्यालाच द्यायचा असतो.

इथे बँकेची बाजू पूर्ण चुकीची नाही. दुसऱ्या बँकेचे दोन लाख थकलेले असताना तिसऱ्या बँकेने डोळे मिटून कर्ज द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. कर्जाचा इतिहास पाहणे हे जबाबदारीचेच लक्षण आहे. चूक होते ती दोन ठिकाणी. ज्याने आजवर कर्जच घेतले नाही त्याचा इतिहास नसतो. इतिहास नाही म्हणून पहिल्या कर्जाचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. दुसरी चूक म्हणजे आकडा कशामुळे पडला हे न पाहणे. अतिवृष्टीने थकलेले पीककर्ज आणि मोटारसायकलचे बुडवलेले हप्ते यांत फरक करायला हवा. संगणक तो करत नाही, माणसाने करायचा असतो.

शेतकऱ्याने आपला पतअहवाल वर्षातून एकदा पाहावाच. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी तो वर्षातून एकदा मोफत द्यायचा असतो. गावात मोबाईल सराईतपणे वापरणारा कोणताही मुलगा तो काढून देईल, त्यासाठी दुकानात पाचशे रुपये मोजू नयेत. अहवालात फेडलेले कर्ज चालू दिसणे, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर असणे, जामीन राहिलेल्या कर्जाची थकबाकी असणे असे प्रकार निघतात. चूक असेल तर लेखी तक्रार द्यावी. 30 दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. एकरकमी तडजोड करताना मात्र विचार करावा. त्यात रक्कम वाचते, पण अहवालात "सेटल्ड" असा शेरा राहतो आणि पुढच्या कर्जाला तो आडवा येतो.

आणखी एक गोष्ट. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागता येत नाही. आधी ही मर्यादा 1.60 लाख होती. वरच्या कुटुंबाच्या 1,04,000 रुपयांसाठी बँकेने गहाणखताचा आग्रह धरला तर तो नियमाला धरून नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला प्रक्रिया, तपासणी, कागदपत्रे यांचे शुल्क घेऊ नये, असा निर्णय 2019 मध्ये झाला आहे. पूर्ण अर्ज मिळाल्यावर 14 दिवसांत निर्णय द्यावा, असेही तेव्हाच सांगितले गेले. हे 14 दिवस मोजायचे तर अर्जाची पोच हवी. पोच मागितली की बऱ्याच ठिकाणी अर्ज गांभीर्याने घेतला जातो, हा अनुभव आहे.

पीक बुडाले त्या वर्षी

2025 च्या पावसाळ्यात जिल्ह्यात अतिवृष्टीने सोयाबीनचे जे हाल झाले ते वेगळे सांगायला नको. अशा वर्षासाठी रिझर्व्ह बँकेचे 2018 चे निर्देश स्पष्ट होते. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात पिकाचे नुकसान 33 ते 50 टक्के असेल तर पीककर्जाचे मुदती कर्जात रूपांतर करून फेडीला जास्तीत जास्त दोन वर्षे द्यायची. नुकसान 50 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. दोन्हींत पहिल्या वर्षी वसुली नाही. आणि त्याच शेतकऱ्याला पुढच्या हंगामासाठी नवे पीककर्जही द्यायचे. आपल्याकडे याचा संबंध पैसेवारीशी येतो. खरिपाची अंतिम पैसेवारी 31 डिसेंबरला जाहीर होते. ती 50 पैशांच्या खाली आली की शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती आणि कर्जाचे रूपांतर या सवलती लागू होतात. ऑक्टोबर 2025 च्या राज्याच्या मदत पॅकेजमध्येही कर्जाचे पुनर्गठन आणि एक वर्ष वसुली स्थगिती होती.

पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे, हे शेतकऱ्याला नीट समजावून सांगणे विस्तार कर्मचाऱ्याच्या हाती आहे. शिबिरात अंगठे घेतले जातात आणि दोन वर्षांनी एकाच घरावर दोन कर्जे दिसतात: रूपांतरित कर्जाचा वार्षिक हप्ता आणि नवे पीककर्ज. ज्याचे नुकसान कमी आहे आणि जो भरू शकतो, त्याने नियमित राहून व्याजसवलत घेणे बहुधा फायद्याचे. ज्याचे पीक खरोखर गेले, त्याने चार दिवसांच्या हातउसन्या पैशाने जुने-नवे करण्यापेक्षा लेखी अर्ज देऊन पुनर्गठन मागावे. कोणते पाऊल कोणासाठी, हे सरसकट सांगता येत नाही. घराचा हिशेब मांडून ठरवावे.

खाते थकीत कधी ठरते, हाही गैरसमजाचा विषय आहे. इतर कर्जांना 90 दिवस लागू असतात. सोयाबीन, तूर, हरभरा अशा पिकांच्या कर्जाचे खाते मुदत टळल्यावर दोन पीकहंगाम उलटले तरच अनुत्पादक ठरते. मुदतीनंतर महिनाभरात "तुमचे खाते एनपीए झाले" असे सांगून कोणी घाबरवत असेल तर ते खरे नाही.

शासनाची अतिवृष्टीची मदत खात्यात जमा होते आणि बँक खाते गोठवते किंवा रक्कम कर्जात वळती करते, अशा तक्रारी प्रत्येक आपत्तीनंतर येतात. मदतीची रक्कम कर्जवसुलीसाठी वळती करू नये, असे मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेले असते. त्या निर्णयाची प्रत तलाठी किंवा तहसील कार्यालयातून घेऊन अर्जाला जोडावी. तोंडी वाद घालून काही होत नाही.

पीकविम्याचेही इथेच सांगून टाकतो. एक रुपयाचा विमा खरीप 2025 पासून बंद झाला आहे. आता सोयाबीनसारख्या खरीप पिकाला शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आहे. कर्जदाराला विमा ऐच्छिक आहे, पण नको असेल तर अंतिम तारखेच्या सात दिवस आधी तसे लेखी कळवावे लागते, नाहीतर हप्ता कापला जातो. कोरडवाहू शेतकऱ्याने तो नाकारू नये, असे माझे मत आहे. मात्र खात्यातून कापलेला हप्ता विम्याच्या पोर्टलवर आपल्या नावाने, बरोबर गट नंबर आणि पिकासह चढला का, हे तपासावे.

गटाचे कर्ज: इथे अडचण उलटी आहे

आता त्या घरातल्या बाईकडे येऊ. छोट्या वित्तसंस्थांचे प्रतिनिधी गावात येतात, दहा बायकांचा गट करतात, आधार कार्ड घेतात आणि आठवड्यात 40,000 रुपये मिळतात. सातबारा नको, चकरा नकोत. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही तिला बँकेने कधी दारात उभे केले नसते, तिला या कर्जाने शिलाई मशीन, शेळ्या, मुलीचे शिक्षण शक्य झाले, हेही खरे आहे. म्हणून हे कर्ज वाईटच, असे म्हणता येणार नाही. पण व्याज साधारण वार्षिक 20 ते 26 टक्क्यांच्या पट्ट्यात असते आणि हप्ता आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला. कोरडवाहू घरात पैसा वर्षातून दोनदा येतो. हप्ता मात्र पंचवीस-तीस वेळा जातो. मधल्या काळात हप्ता फेडण्यासाठी दुसऱ्या गटाचे कर्ज घेतले जाते, मग तिसऱ्या गटाचे.

शेजारच्या आंध्र प्रदेशात 2010 मध्ये याच साखळीने मोठे संकट उभे राहिले, आत्महत्या झाल्या, तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर नियम आले आणि 1 एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेची नवी चौकट बँका आणि वित्तसंस्था दोघांनाही लागू आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज त्यात येते. महत्त्वाचा नियम असा की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. सगळ्या कर्जांत पीककर्जही आले.

आपल्या कुटुंबाला हे लावून पाहू. सोयाबीनचे 1,12,000, तुरीचे 28,000 आणि मजुरीचे 40,000 असे वर्षाचे 1,80,000 धरले तर महिन्याला 15,000. निम्मे म्हणजे 7,500. पीककर्जाचे 80,000 बारा महिन्यांत वाटले तर 6,667 होतात. उरले 833 रुपये. नियम काटेकोर लावला तर या घराला 2,000 रुपये हप्त्याचे एकही गटकर्ज बसत नाही. तरीही मिळते, कारण अर्जातले उत्पन्न बहुतेकदा प्रतिनिधीच भरतो आणि पीककर्ज विचारतही नाही. अर्जावर सही करण्यापूर्वी उत्पन्नाचा रकाना वाचून घ्यावा. त्यात 25,000 महिना लिहिले असेल तर त्या आकड्यावर सही आपली आहे.

व्याजदर सांगण्याच्या पद्धतीतही फसगत होते. "शेकडा एक रुपया महिना" ऐकायला 12 टक्के वाटते. 40,000 रुपयांवर दोन वर्षे सरळ 12 टक्के लावले तर 9,600 व्याज, म्हणजे महिन्याला सुमारे 2,067 रुपये हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते आणि व्याज पूर्ण रकमेवर लागते, म्हणून खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यामुळे कर्जासोबत मिळणारे माहितीपत्रक मराठीत मागावे. त्यात वार्षिक खरा दर, सगळे शुल्क आणि विम्याची कपात एका ठिकाणी लिहिलेली असते. मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही. उशीर झाल्यास दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर, पूर्ण कर्जावर नाही.

वसुलीचे नियमही ठरलेले आहेत. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन किंवा भेट नाही. वसुली ठरलेल्या जागीच. कर्जदार तिथे लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी जाता येते. शिवीगाळ, धमकी, नातेवाईकांना फोन, सगळ्या गटासमोर अपमान यांना बंदी आहे. शेजारणीचा हप्ता भरा नाहीतर मीटिंग सोडणार नाही, असे सांगून संध्याकाळपर्यंत बायकांना बसवून ठेवणे हा प्रकार जिल्ह्यात ऐकू येतो आणि तो सभ्य वसुलीच्या नियमात बसत नाही.

याला पर्याय म्हणून उमेदच्या बचतगटांचे बँक कर्ज आधी पाहावे. तीन लाखांपर्यंत ते 7 टक्के दराने मिळते. मिळायला वेळ लागतो, गटाचे रजिस्टर नीट असावे लागते, मीटिंग नियमित लागतात. पण 7 आणि 22 मध्ये जो फरक आहे तो एका शेळीच्या किमतीएवढा आहे.

सावकाराकडे जावेच लागले तर

बँकेने दार लावले की माणूस शेवटी इथेच येतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवानाधारक सावकार शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेऊ शकत नाही. शेकडा तीन किंवा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला 36 आणि 60 टक्के, ते बेकायदेशीर आहे. सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन 15 वर्षांच्या आत असेल तर परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. खरेदीखत झाले म्हणजे संपले, असे समजू नये.

दामदुपट हा शब्द जुन्या लोकांना माहीत आहे: व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला, तेव्हापासून या विषयावर कायदे होत आले आहेत. बँकांनाही हे लागू आहे, हे फार कमी जणांना माहीत असते. अल्प व अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदतीच्या कर्जावर आकारलेले एकूण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जुन्या थकीत पीककर्जाची नोटीस आली आणि 40,000 च्या मुद्दलावर एक लाखाची मागणी असेल तर आधी खाते उतारा मागावा आणि व्याजाचा रकाना मुद्दलाशी ताडून पाहावा. मध्ये कर्जाचे रूपांतर झाले असेल तर तो हिशेब वेगळा होतो, तेही उताऱ्यावरून कळते. शेतजमिनीबाबत आणखी एक: घर किंवा दुकान जप्त करण्यासाठी बँका वापरतात तो सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. वसुलीचे इतर कायदेशीर मार्ग बँकेकडे आणि सोसायटीकडे आहेत, म्हणून नोटीस आली तर ती पिशवीत टाकून ठेवू नये.

तक्रार कुठे, कशी

पहिली तक्रार शाखा व्यवस्थापकाकडे, लेखी, पोच घेऊन. कर्ज नाकारले असेल तर नाकारण्याचे कारण लेखी मागावे. प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यावी, कारण पीककर्जाचा आढावा तिथे होतो. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत अर्ज चालतो, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आधी या योजनेत नव्हत्या, 1 नोव्हेंबर 2025 पासून त्याही आल्या आहेत. गावातली सेवा सोसायटी किंवा पतसंस्था मात्र लोकपालाकडे येत नाही, तिथे तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक.

अर्जात चार ओळी पुरतात: कोणत्या तारखेला कोणता अर्ज दिला, क्षेत्र किती, कोणते पीक, बँक काय म्हणाली. सोबत सातबारा, आठ-अ, अर्जाची पोच आणि पासबुकाच्या पानांची प्रत. सहायक कृषी अधिकारी आणि बँक सखींनी एप्रिलमध्येच गावातल्या पाच-सहा घरांचे असे कागद एकत्र लावून ठेवले तर जूनमधली धावपळ कमी होते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मिळालेले कर्ज उधारीच्या बियाण्याचे पैसे फेडण्यातच जाते.